पार्श्वभूमी: फ्रीकॅडमध्ये पॅरामीटर ठेवायचे कुठे, हा वाद आला कुठून

फ्रीकॅड या थ्रीडी डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅरामीटर, म्हणजे मॉडेल ज्यांवर चालतं ती नाव दिलेली मापं, स्प्रेडशीटमध्ये (आतल्याच तक्त्यात) ठेवायचे की व्हारसेटमध्ये (मापं ठेवायच्या नव्या ऑब्जेक्टमध्ये), यावर दोन तट पडलेत आणि नवीन माणसाला वाटतं की हा आपापल्या आवडीचा प्रश्न आहे. तसं नाहीये, हे बरंच मागून आलंय.

अगदी मागचं थोडक्यात. १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम झाला, दोन रेषा समांतर ठेव, लांबी सारखी ठेव असं मशीनला सांगता यायला लागलं. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनियर हे डिझाईनचं सॉफ्टवेअर आलं, त्यात प्रत्येक मापाला आपोआप डी०, डी१ अशी नावं मिळायची आणि त्यावर रिलेशन्स, म्हणजे मापांना जोडणारी सूत्रं, लिहायची. १९९५ च्या सॉलिडवर्क्समध्ये अशी नावं डी१@स्केच१ या धाटणीची, इन्व्हेंटरमध्ये परत डी० पासून सुरुवात. या सगळ्यांत मापाला स्वतःचं नाव देता येतं, पण द्यावंच लागत नाही, आणि माझ्या मते सवय इथेच बिघडली. घाईत कोणी नाव देत बसत नाही आणि वर्षभराने फाईल उघडली की डी४७ = डी१२/२ + ३ एवढंच दिसतं, तो ३ म्हणजे भिंतीची जाडी की क्लिअरन्स (दोन भागांमधली मोकळी फट) हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

फ्रीकॅड २००२ चं, पण त्यात मापाच्या खान्यात सरळ सूत्र लिहायची सोय आली २०१६ मध्ये, ०.१६ व्हर्जनला. खान्याशेजारचं ते छोटं निळं बटण तेव्हापासूनचं. स्प्रेडशीट वर्कबेंच (तक्त्याचं काम करायचा फ्रीकॅडमधला विभाग) आधीपासून होतंच, मग लोकांनी जे हाताशी होतं ते धरलं, सेलमध्ये आकडा टाकायचा, सेलला एलियास, म्हणजे आपलं नाव, द्यायचा आणि मॉडेलमध्ये स्प्रेडशीट.रुंदी असं वापरायचं. काही जण स्केचमधल्या कन्स्ट्रेंटलाच (रेषांवर घातलेल्या मापाच्या बंधनालाच) नाव देऊन तिथून माप उचलायचे, तेही चालतं, पण पंधरा स्केच झाले की कुठलं माप कुठे ठेवलंय हे शोधत बसावं लागतं. बहुतेक ट्युटोरियल्स स्प्रेडशीटवरच बनली आणि तीच पद्धत रूढ झाली.

आता त्रास काय होता ते नीट सांगायला हवं, कारण वाद त्यावरच आहे. कोणता भाग कशावर टेकलाय हे अवलंबित्व फ्रीकॅड मोजतं ते अख्ख्या ऑब्जेक्टच्या पातळीवर, सेलच्या नाही. म्हणजे एका सेलमधला आकडा बदलला तरी त्या शीटवर टेकलेलं सगळं रिकॉम्प्युट होतं, म्हणजे नव्याने मोजलं जातं, मोठ्या मॉडेलला हे फार जाणवतं. दुसरं, मॉडेलमधलं एखादं माप परत त्याच शीटमध्ये वाचायला गेलात की सायक्लिक डिपेंडन्सीची, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवरच टेकल्याची, एरर येते, सेल वेगवेगळे असले तरीही. तिसरं नावांचं, एलियास सेलच्या पत्त्यासारखा दिसला तर चालत नाही, त्यामुळे एम८ बोल्टच्या भोकाला एम८ हे नाव देता येत नाही कारण एम८ हा शीटमधला खराखुरा सेल आहे. युनिटची नावंही चालत नाहीत, मीटरचा एम किंवा सेकंदाचा एस एलियास म्हणून घेतला जात नाही. म्हणून बोल्ट_भोक_व्यास अशा धाटणीची नावं, अर्थात रोमन अक्षरांत, लोक द्यायला लागले, आणि खरं तर हे चांगलंच झालं, कारण नाव त्या मापाच्या कामावरून पडायला लागलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅडचं १.० व्हर्जन आलं आणि त्यात व्हारसेट. यात प्रत्येक पॅरामीटर ही एक प्रॉपर्टी असते, तिला लांबी, कोन, पूर्णांक असा ठरलेला प्रकार, एक ग्रुप आणि टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी छोटी टीप) देता येते. लांबीच्या जागी चुकून कोन जात नाही, आणि एम८ सारख्या नावाचा सेलच्या पत्त्याशी झगडा उरत नाही. पण रिकॉम्प्युटचा मूळ प्रश्न यानेही सुटत नाही, व्हारसेट हाही एक ऑब्जेक्टच आहे, तुकडे करून चार-पाच व्हारसेट केले तर थोडं हलकं होतं, पण तेवढं तर चार स्प्रेडशीट करूनही होत होतं. सायकलची एरर पण तशीच येते.

म्हणून स्प्रेडशीट आता जुनी झाली, सोडून द्या असं जे सरसकट सांगितलं जातं ते मला पटत नाही. शीटमध्ये शेजारच्या कॉलममध्ये लिहिता येतं की हे ०.२ का घेतलं, कुठल्या प्रिंटरसाठी घेतलं, मधली आकडेमोड ओळीने दिसते, ती उघडली की अख्खं डिझाईन एका नजरेत वाचता येतं. व्हारसेटची टूलटिप माउस नेल्याशिवाय दिसत नाही. फक्त पाच-सहा मापं असतील तर व्हारसेट मस्त, पण गिअरबॉक्सचं गणित त्यात भरू नये.

शिवाय फ्रीकॅडचं जुनं ०.२१ व्हर्जन वापरणाऱ्यांना व्हारसेट हा प्रकारच माहीत नाही, त्यांच्याकडे अशी फाईल उघडली तर पॅरामीटर हरवलेले दिसतात आणि त्यावरची सूत्रं तुटतात, त्यामुळे जिथे दोन्ही व्हर्जनवर काम करणारे लोक आहेत अशा प्रोजेक्टमध्ये अजून तरी स्प्रेडशीटच ठेवतात.