टिश्यू व्हॉल्व्ह आणि तीन महिन्यांची गोळी : पार्श्वभूमी

टिश्यू व्हॉल्व्ह म्हणजे जनावराच्या ऊतीपासून केलेली हृदयाची झडप. डुकराचा व्हॉल्व्ह माणसाच्या हृदयात 1965 साली बसला, पण टिकेना. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात मुरवून त्याचं आयुष्य वाढवायची रीत त्या दशकाच्या अखेरीस आली. रक्त पातळ करायची गोळी जन्मभर लागत नाही, हा या व्हॉल्व्हचा मोठा गुण. विदर्भाच्या खेड्यात तर फारच मोलाचा. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापानं व्हॉल्व्ह गेलेल्या तरुण बायका इथे आहेत, आणि वॉरफरिन, म्हणजे तीच रक्त पातळ करायची गोळी, गर्भाला घातक. वर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते, तपासायला मजुरी बुडवून तालुका नाहीतर जिल्हा गाठायचा.

भांडण आहे ते टिश्यू व्हॉल्व्ह बसवल्यावर ही गोळी किती दिवस द्यायची, यावर. नव्या व्हॉल्व्हवर पेशींचं अस्तर चढेपर्यंत, म्हणजे तीन महिने, असा हिशेब होता. महाधमनीच्या व्हॉल्व्हला तर अनेक सर्जन नुसती ॲस्पिरिन देत. 2012 मध्ये डेन्मार्कच्या नोंदींत दिसलं की सहा महिन्यांच्या आत वॉरफरिन सोडलेल्यांत हृदयाचे मृत्यू जास्त. 2015 मध्ये एका अमेरिकी रुग्णालयानं काढून टाकलेले 397 टिश्यू व्हॉल्व्ह तपासले. 46 मध्ये गुठळी निघाली, आणि त्यातले जवळपास दोन तृतीयांश बसवून वर्ष उलटलेलं. 2017 ला अमेरिकेतली मुदत तीन ते सहा महिने झाली, तीही रक्तस्रावाची भीती कमी असलेल्यांना. म्हणजे वर्षानंतरच्या गुठळीचा प्रश्न तसाच राहिला. तीन महिन्यांचा आकडा पुराव्यापेक्षा सवयीनंच टिकला, असं माझं मत. ‘व्हॉल्व्ह झिजला’ म्हणून दुसऱ्या ऑपरेशनला निघालेल्यांपैकी काहींत खरं कारण गुठळी असू शकतं, त्यांना आधी गोळी देऊन पाहता येते.

बसवलेल्या व्हॉल्व्हला होणाऱ्या जंतुसंसर्गाची रेघही सरकली. पूर्वी 60 दिवसांनंतरचा तो उशिराचा, आता वर्षानंतरचा. त्यात तोंडातले, आतड्यातले, कातडीवरचे जंतू सापडतात. खर्रा खाऊन हिरड्या सोललेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यायचं का? 2007 ला अमेरिकेनं ते कुणाला द्यायचं याची यादी आखडली, कृत्रिम व्हॉल्व्हवाले मात्र ठेवले. 2008 ला ब्रिटननं कुणालाच नको म्हटलं, आणि 2016 मध्ये ‘सरसकट नको’ अशी दुरुस्ती केली.

आपल्याकडचा घोळ तापाचा. पावसाळ्यात ताप आला की आधी सलाईन आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन, मग विडाल ही टायफॉइडची तपासणी. आठवड्यानं नागपुरात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, लावलं तर त्यात काही उगवत नाही, आधीच्या इंजेक्शनानं जंतू अर्धवट दबलेले. व्हॉल्व्हच्या ऑपरेशनचा छातीवरचा उभा व्रण कुणी पाहिलेला नसतो. पेशंटही सांगत नाही. ऑपरेशनला चार वर्षं झालेली, गोळ्या कधीच्या बंद.