जीवनिर्मितीचे मंत्र (रोलप्लेइंग खेळ)

टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या कल्पनारम्य खेळांत नवा प्राणी घडवणारा किंवा निर्जीव वस्तूत जीव घालणारा मंत्र. खेळाडू त्याला सरळ ‘स्पेल’च म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून (१९७४) या खेळांची परंपरा सुरू झाली.

नवखा रचनाकार प्राण्याच्या शिंगा-नखांत रमतो. खरी गोची पाळीची, म्हणजे आळीपाळीने खेळण्याची असते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांत ‘कॉन्ज्युअर ॲनिमल्स’ या तिसऱ्या पातळीच्या मंत्राने एकदम आठ लांडगे आणता येत. शत्रूशेजारी जोडीदार असला की लांडग्याला दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत असते. म्हणजे एकाच खेळाडूच्या वाट्याला वीस बाजूंचे सोळा फासे, आणि बाकीचे तोवर भडंग खात बसणार. २०२४च्या आवृत्तीत सुटे प्राणी जाऊन आत्म्यांचा एकच कळप आला. खेळ सुटसुटीत झाला, पण आठ लांडग्यांना आठ नावे देण्याची गंमत गेली.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ‘ॲनिमेट डेड’ या मंत्राने उठवलेला सांगाडा चोवीस तास हुकमात राहतो. मंत्राची उजळणी केली नाही, तर त्यानंतर तो नाहीसा होत नाही, फक्त ऐकेनासा होतो. मंत्रातले सर्वांत कसदार कलम हेच, कारण पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते.

सांगलीकडच्या ओळखीच्या साहित्यातून असा मंत्र कसा बसवता येईल याचा एक नमुना म्हणजे ‘बेंदराचा बैल’. आषाढात बेंदराला इकडे मातीच्या बैलांची जोडी आणून पुजतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मंत्राला असाच एक कच्च्या मातीचा बैल आणि मूठभर हळद लागते. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा खेळातही तिला चांगला भाव लावावा आणि ती प्रत्येक वेळी खर्ची पडावी. फुकटचा मंत्र खेळाडू ऊठसूट वापरतात. बैलाला ३० हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद), मुदत सूर्यास्तापर्यंत. दुसरा बैल केला की पहिल्याची पुन्हा माती. ही ओळ आणि मुदत, दोन्ही विसरलात तर खेळाडू रोज एक बैल करून ठेवील आणि रविवारी सात बैल घेऊन किल्ल्याच्या दारात उभा राहील.

उणीवही मातीतूनच येते. पाण्यात दर पाळीला बैलाचे १० पॉइंट विरघळतात, म्हणजे कृष्णेच्या मध्यापर्यंतही तो पोचत नाही. सांगलीचा नकाशा घेऊन खेळणाऱ्यांना तो पलीकडे न्यायचा तर आयर्विनसारख्या पुलावरूनच न्यावा लागतो, आणि शत्रूलाही ते ठाऊक असते.