कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकताना : विद्यार्थी व पालकांसाठी माहितीपत्रक

समाजशास्त्राच्या मार्गदर्शनासाठी आमच्याकडे नाव नोंदवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना हा विषय नेमका काय आहे, त्याचा अभ्यास कसा करावा लागतो आणि त्यात आमची मदत कुठवर होऊ शकते, याची कल्पना नोंदणीपूर्वीच यावी, यासाठी हे माहितीपत्रक दिले आहे. समाजशास्त्र हा 'सोपा विषय' म्हणून निवडला जातो आणि ही समजूत निम्मी खरीही आहे, कारण त्यात आकडेमोड थोडी असते, प्रयोगशाळा नसते आणि कुटुंब, शाळा, गाव, शहर, काम, पैसा असे ओळखीचेच विषय असतात. अडचण नेमकी तिथेच आहे. या सर्वांबद्दल प्रत्येकाची मते आधीच पक्की झालेली असतात, उत्तरपत्रिकेत तीच मते उतरतात आणि पानेच्या पाने भरूनही गुण का मिळाले नाहीत, हे विद्यार्थ्याला कळत नाही.

या विषयाचे लक्ष एकट्या माणसावर नसून माणसामाणसांमधील संबंधांवर आणि त्या संबंधांतून घडणाऱ्या रचनांवर असते, ही गोष्ट पहिल्या महिन्यातच पक्की व्हायला हवी. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये दिलेले बेकारीचे उदाहरण यासाठी आजही सर्वांत उपयोगी आहे. 1 लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचे कारण त्याच्या स्वभावात, कौशल्यात किंवा त्याच्या वाट्याला आलेल्या संधींत शोधता येईल. परंतु 5 कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी माणसे बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावाची चौकशी करून काहीच हाती लागणार नाही, तिथे अर्थव्यवस्थेची आणि सामाजिक संस्थांचीच घडण तपासावी लागेल. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाईम (1858–1917) यांनी 1897 मधील आपल्या ग्रंथात आत्महत्येसारख्या अत्यंत खासगी वाटणाऱ्या घटनेचा अभ्यास याच रीतीने केला होता. युरोपातील सरकारी आकडेवारीची तुलना करून त्यांनी दाखवले, की निरनिराळ्या समूहांतील दर वर्षानुवर्षे वेगवेगळे व बरेचसे स्थिर राहतात आणि त्या फरकाचा संबंध माणूस आपल्या समूहाशी किती घट्ट बांधला गेला आहे याच्याशी आहे. मृत्यूची नोंद कोण व कशी करतो यावरच असे आकडे अवलंबून असतात, हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि विद्यार्थ्याने तोही लिहावा. विचारवंताचे म्हणणे व त्यावरील आक्षेप जोडीने मांडणारे उत्तर परीक्षकाच्या नजरेत लगेच भरते.

अभ्यासक्रमाची मांडणी मंडळागणिक थोडी बदलते, पण गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आरंभी शास्त्राचा उदय, पुढे समाज, समुदाय, प्राथमिक व दुय्यम गट, दर्जा व भूमिका, संस्कृती, सामाजिकीकरण, सामाजिक नियंत्रण, स्तरीकरण व परिवर्तन या मूलभूत संकल्पना, नंतर कुटुंब, शिक्षण, धर्म, अर्थव्यवस्था या संस्था आणि शेवटी संशोधन पद्धती व प्रकल्प, असा साधारण क्रम असतो. उदयाच्या प्रकरणात ऑगस्ट कॉम्त (1798–1857), कार्ल मार्क्स (1818–1883), डरखाईम आणि मॅक्स वेबर (1864–1920) ही नावे येतातच. (कॉम्त यांचे विचार 1853 मध्ये संक्षेपाने इंग्रजीत आणणाऱ्या हॅरिएट मार्टिनो यांनी समाजाचे निरीक्षण कसे करावे यावर 1838 मध्येच स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, तरीही त्यांचा उल्लेख अनेकदा ओझरताच होतो, ही उणीव आमच्या टिपणांत आम्ही भरून काढली आहे.) केवळ सनावळ्या घोकून या प्रकरणात फारसे साधत नाही. औद्योगिक क्रांती आणि 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती यांनी जुनी घडी विस्कटल्यामुळे समाज टिकतो कशामुळे हा प्रश्न ऐरणीवर आला, एवढा कार्यकारणभाव समजला, तर नावे आपोआप जागेवर बसतात.

सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो दृष्टिकोनांना, कारण एकाच संस्थेकडे तीन निरनिराळ्या बाजूंनी पाहण्याची सवय विद्यार्थ्याला पूर्वी नसते. शाळेचेच उदाहरण घेऊ. कार्यवादी अभ्यासक म्हणतील, की शाळा मुलांमध्ये समान मूल्ये रुजवते आणि ज्याच्या-त्याच्या कुवतीनुसार पुढील कामांसाठी त्यांची निवड करते. संघर्षवादी अभ्यासक विचारतील, की कुवत मोजण्याची पट्टी कोणी ठरवली, आणि ज्या घरांत पुस्तके, निवांत जागा व शिकलेले पालक आधीपासून आहेत, त्याच घरांतील मुले पुढे का जातात. आंतरक्रियावादी अभ्यासक थेट वर्गात जाऊन बसेल आणि एखाद्या मुलावर 'ढ' असा शिक्का बसल्यावर शिक्षक त्याला प्रश्न कमी विचारतात का, ते मूल हात वर करणे सोडून देते का, हे पाहील. यांपैकी कोणता दृष्टिकोन बरोबर, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. आमचे उत्तर असे, की कोणता दृष्टिकोन कोणती गोष्ट दाखवतो व कोणती झाकतो, एवढे सांगता आले तर या स्तरावर ते पुरेसे आहे.

संशोधन पद्धतीचे प्रकरण रूक्ष म्हणून अनेक जण शेवटावर ढकलतात, आम्ही मात्र ते लवकर घेतो. नमुना, म्हणजे पाहणीसाठी निवडलेल्या लोकांचा गट, मोठा असला की निष्कर्ष खरा, हा सर्वसाधारण समज 1936 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीने खोटा ठरवला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, 23 लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या आधारे रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन विजयी होतील असे भाकीत केले; प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या व मोटारींच्या नोंदींतून घेतलेले असल्याने मंदीच्या त्या काळात खात्यापित्या वर्गाचेच मत जास्त मोजले गेले होते, शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतेही सारखी नव्हती. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी सुमारे 50,000 लोकांच्या, पण समाजातील विविध थर लक्षात घेऊन निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

प्रकल्पातील प्रश्नावलीतही असेच छुपे दोष असतात. "मोबाईलमुळे घरातील संवाद कमी झाला आहे, असे आपल्याला वाटत नाही का?" हा प्रश्न उत्तर सुचवतो, "मोबाईलचा अभ्यासावर आणि झोपेवर परिणाम होतो का?" या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आहेत, त्यामुळे 'हो' हे उत्तर कशाला उद्देशून आहे ते कळत नाही. त्याऐवजी "काल रात्रीच्या जेवणाला घरातील किती जण एकत्र बसले होते?" असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला मत द्यावे लागत नाही, फक्त आठवावे लागते, आणि मिळालेली उत्तरे मोजता येतात. सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांमध्ये राहून, त्यांच्या व्यवहारांत भाग घेत केलेले निरीक्षण, निवडणाऱ्यांना आम्ही रोजच्या नोंदी त्याच दिवशी लिहिण्याचा आणि त्यांची प्रत वेगळ्या जागी ठेवण्याचा आग्रह धरतो. भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये कर्नाटकातील एका खेड्यात राहून केलेल्या अभ्यासाची वर्गीकृत टिपणे 1970 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लावलेल्या आगीत जळाली आणि पुढे त्यांना त्या गावावरील ग्रंथ मुख्यतः आठवणींच्या आधारे लिहावा लागला. ते त्यांना साधले, पण विद्यार्थ्याने त्या भरवशावर राहू नये.

उत्तरलेखनाच्या सरावात "आजकालची मुले मोठ्यांचे ऐकत नाहीत" यासारखे वाक्य आले, की आम्ही ते खोडत नाही, त्याच्या समासात प्रश्न लिहितो : कोणत्या वयोगटातील मुले, कोणत्या वर्गातील, कोणत्या काळाशी तुलना करून, आणि 'ऐकणे' म्हणजे नेमके कोणते वर्तन? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थी सामाजिक नियंत्रण, समवयस्क गट आणि पिढ्यांमधील बदलत्या भूमिका या संकल्पनांपर्यंत स्वतःच पोहोचतो, आणि मग व्याख्या, उदाहरण व विश्लेषण यांची सांगड घातलेला परिच्छेद लिहिणे त्याला जड जात नाही.

आमच्या सेवेत प्रकरणनिहाय टिपणे, लिहिलेल्या उत्तरांची सविस्तर तपासणी आणि प्रकल्पाच्या विषयनिवडीपासून प्रश्नावलीपर्यंतचा सल्ला यांचा समावेश आहे. तयार प्रकल्प अहवाल आम्ही लिहून देत नाही आणि ठराविक गुणांची हमीही देत नाही. तशी अपेक्षा असल्यास नोंदणी न करणेच उभयपक्षी हिताचे ठरेल. महाविद्यालयातील तासांना ही सेवा पर्याय नाही, कारण वर्गातील चर्चेत निरनिराळ्या घरांतून आलेल्या मुलांचे जे अनुभव ऐकायला मिळतात, ते कोणत्याही टिपणांत सापडणार नाहीत. नोंदणी करताना विद्यार्थ्याने आपल्या मंडळाचा चालू अभ्यासक्रम, मागील चाचणीची एक तपासलेली उत्तरपत्रिका आणि पुस्तक न पाहता स्वतःच्या शब्दांत लिहिलेले, दर्जा व भूमिका यांतील फरकावरचे एक पानी उत्तर सोबत जोडावे. ते उत्तर चुकले तरी चालेल. सराव कोठून सुरू करायचा, हे त्यावरूनच ठरवले जाते.