निघोजचे रांजणखळगे पाहताना: काठाकडून घळीकडे

निघोजला कुकडी नदीच्या खडकाळ पात्रात नदीनं कोरलेले रांजणासारखे खोल, गोल खड्डे आहेत, तेच रांजणखळगे. ते पाहायला येणारे बहुतेक लोक मळगंगा देवीचं दर्शन घेतात आणि तडक घळीच्या काठावर जाऊन उभे राहतात. दृश्य भव्य असतं, पण ते कसं घडलं याचा पत्ता तिथं लागत नाही. म्हणून उलट चालावं. पाण्यापासून लांबच्या, उंच खडकावरून सुरुवात करावी आणि हळूहळू पात्राच्या मध्याकडे यावं.

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिरूर लागतं, तिथून निघोजला फाटा आहे. कुकडी इथं अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांची हद्द आहे. एका काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठावर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. स्थानिक लोक या जागेला ‘कुंड’ म्हणतात, रस्ता विचारताना तोच शब्द वापरावा.

पायाखालचा खडक बेसॉल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइटसारखी खनिजं भरली. खडकावर दिसणारे पांढरे ठिपके तेच. हे ठिपके आणि खडकातल्या बारीक भेगा या त्याच्या दुबळ्या जागा. खळगा बहुधा तिथूनच सुरू होतो, म्हणून कडेच्या खडकावर आधी वाटीएवढे खड्डे शोधावेत.

अशा खड्ड्यावरून पुराचं पाणी जोरात गेलं की आत भोवरा धरतो. पाणी एकटं बेसॉल्टला फारसं झिजवू शकत नाही. झीज करतात ती त्यातली वाळू, खडी आणि गोटे. भोवऱ्यात ती भिंतीला आणि तळाला घासत गरगरतात आणि खळगा गिरमिटानं पाडल्यासारखा गोल होत जातो. खळगा मोठा झाला की भोवराही अधिक स्थिर होतो, त्यामुळे झीज पुन्हा वाढते. मोठे गोटे फिरवायला मोठा पूरच लागतो. एरवी ते तळाशी नुसते पडून असतात. खळगा फार खोल गेला, किंवा त्यात गाळ जास्त साचला, की तळ झाकला जातो आणि खोली वाढायची थांबते. भिंती मात्र झिजत राहतात. त्यामुळे पुष्कळ रांजण तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असतात.

इथला सर्वांत पाहण्याजोगा टप्पा यापुढचा. शेजारशेजारचे दोन खळगे रुंदावत जातात, मधली भिंत पातळ होते, तिला भोक पडतं, वर खडकाची कमान उरते आणि एखाद्या पुरात तीही कोसळते. असे खळगे ओळीनं जोडले गेले की घळ तयार होते. आता घळीच्या काठाशी या आणि समोरची भिंत बघा. त्या भिंतीतले उभे, अर्धगोल कोनाडे म्हणजे एकेका फुटलेल्या रांजणाची उरलेली बाजू. वरच्या कोरड्या खडकावरचे खळगे नदी जास्त उंचीवरून वाहत होती तेव्हा कोरले गेले. आता पाणी खालच्या घळीत उतरल्यानं ते फक्त मोठ्या पुरात भिजतात.

धोकाही याच रचनेतून येतो. पोट रुंद असल्यानं कड आतून पोकळ असू शकते, म्हणून तोंडाच्या अगदी काठावर किंवा दोन खळग्यांमधल्या पातळ भिंतीवर उभं राहू नये. खळग्यातलं पाणी शांत दिसलं तरी उतरू नये: भिंती गुळगुळीत आणि आत वळलेल्या, हाताला पकड मिळत नाही, पोहता येणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. शेवाळलेल्या बेसॉल्टवर चपला हमखास घसरतात. रबरी, खोल नक्षीच्या तळाचे बूटच घालावेत. पावसाळ्यात खालचे खळगे पाण्याखाली असतात आणि नदीच्या वरच्या बाजूच्या येडगाव धरणातून विसर्ग झाला की इथं पाऊस नसतानाही पातळी चढते. त्या दिवसांत खडकावर उतरूच नये.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात काळा खडक दुपारी पाय ठेववत नाही इतका तापतो, आणि चैत्रात देवीच्या यात्रेची गर्दी असते. भिंतींवरच्या पन्हळी नीट दिसतात त्या सकाळच्या तिरप्या उन्हात. घळीचा तळ पाहायचा तर सूर्य डोक्यावर हवा. एका फेरीत दोन्ही साधायचं असेल तर सकाळी लवकर पोचून दुपारपर्यंत थांबावं. फोटोत मापासाठी काठी ठेवावी, नाहीतर हातभर खळगा आणि पुरुषभर खळगा सारखेच दिसतात.

मुलं बरोबर असतील तर मोजपट्टी घ्या. काठापासून दूरचे, कोरडे आणि उथळ असे वीसेक खळगे निवडून प्रत्येकाच्या तोंडाचा व्यास आणि खोली लिहून काढा. एकंदरीत व्यास वाढतो तशी खोलीही वाढलेली आढळेल; जे खळगे या नियमात बसत नाहीत, त्यांच्या तळाशी गाळ साचला आहे का, की बाजूची भिंत फुटली आहे, ते तपासा. तळातले गोल गोटे मात्र उचलून आणू नका, पुढच्या पुरात घासणारं हत्यार तेच आहे.