किशोरवयीन सायकोसिस : गट-मनोशिक्षण

सायकोसिस झालेल्या किशोरवयीन मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना आजार समजून घ्यायला व त्यातून उद्भवणाऱ्या रोजच्या अडचणी सोडवायला गटात शिकवण्याची पद्धत. ती औषधोपचारांच्या जोडीने वापरतात, त्यांच्याऐवजी नाही.

सायकोसिसमध्ये भास होतात, खोट्या समजुती मनात घट्ट बसतात, विचार विस्कटतात. दहावी-बारावीच्या वयात हे सुरू झाले, की घरच्यांना आधी तो आळस, हट्ट, वाईट संगत किंवा बाहेरची बाधा वाटते. निदानानंतर 'आमचं काय चुकलं?' हा प्रश्न आईवडिलांना पोखरू लागतो. आईवडिलांच्या वागण्यामुळे हा आजार होत नाही, हे म्हणूनच सुरुवातीलाच निःसंदिग्धपणे सांगावे लागते.

आजार उलटण्याशी मात्र घरातल्या वातावरणाचा संबंध आहे. सतत टीका, चीड किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत तो अधिक वेळा उलटतो, असे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना आढळले. त्यांचा प्रसिद्ध अभ्यास १९७२ चा. पुढे अमेरिकेत विल्यम मॅकफार्लेन यांनी अनेक कुटुंबांना एकत्र बसवणारी पद्धत विकसित केली. भारतात तर अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच नातेवाइकांना आवारात तंबूंत राहायला बोलावून उपचारांत सामील करून घेतले होते.

मॅकफार्लेन पद्धतीत साधारण पंधरा दिवसांनी बैठक होते. प्रत्येक घराची खबरबात घेतल्यावर त्या दिवसासाठी एकच अडचण निवडतात : मुलगा औषधाने येणाऱ्या झोपेमुळे शाळेला उठत नाही, वजन वाढले म्हणून मुलगी गोळ्या टाळते, मित्रांना काय सांगायचे ते सुचत नाही. गटातले सगळे जण उपाय सुचवतात, त्यांचे फायदेतोटे मांडले जातात, पण निवड त्या कुटुंबाचीच. पुढच्या बैठकीत तो उपाय कितपत जमला ते विचारतात. झोप उडणे, एकटे राहणे, संशय वाढणे या धोक्याच्या खुणा ओळखायलाही शिकवतात. त्याच अनुभवातून गेलेल्या दुसऱ्या आईने सांगितलेला उपाय डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा लवकर पटतो, यात नवल नाही.

मॅद्रिदमध्ये किशोरांसाठी याच धर्तीवर 'पिएन्सा' हा कार्यक्रम आखला गेला. तिथे मुलांचा गट वेगळा आणि पालकांचा वेगळा. हा निर्णय शहाणपणाचा होता : आईवडिलांसमोर गांजाबद्दल किंवा कानात येणाऱ्या आवाजांबद्दल मोकळेपणाने बोलणे या वयात अवघड असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५५ किशोर होते. तुलनेसाठीचा गटही भेटत होता, पण ठरलेल्या आखणीविना. कार्यक्रम संपेपर्यंत मनोशिक्षण गटातील १५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३९ टक्के मुलांना तातडीच्या विभागात जावे लागले. चाचणी लहान होती, तरी नुसते जमून बोलणे पुरत नाही, आखीव शिक्षण हवे, असा कल तिच्यातून दिसतो.

महाराष्ट्रात पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) या संस्थांनी आधारगटांची वाट रुळवली. या गटांत रुग्णाला 'शुभार्थी', तर काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. प्रौढांच्या गटात शाळा, परीक्षा, भावंडे हे विषय मागे पडतात, म्हणून किशोरांना स्वतंत्र गट हवेतच. जवळपास गट नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून प्राथमिक मार्गदर्शन मिळते.