शान्शी आणि शान्शी : कोटणीस नेमके कुठे होते?

जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली चीनमधल्या शान्शी प्रांतात पोहोचले आणि पुढे तिथून शान्शी प्रांतात गेले. ही छपाईची चूक नाही. चीनमध्ये शान्शी नावाचे दोन प्रांत आहेत, तेही एकमेकांना लागून, आणि देवनागरीत दोन्हींचं नाव सहसा एकाच पद्धतीनं लिहिलं जातं.

चिनी माणसाचा असा घोटाळा होत नाही. एका नावातला 'शान' सपाट, उंच सुरात म्हणतात. दुसऱ्यातला 'शान' खाली बुडवून वर आणतात. लिहायची चित्राक्षरंही वेगळी. रोमन लिपीत दुसऱ्या नावात एक 'ए' जादा घालतात, तेवढीच खूण. आपल्या लिपीत सुराला जागा नाही, म्हणून इथे पहिल्याला डोंगरवाली शान्शी म्हणू आणि दुसऱ्याला, तिची राजधानी शीआन म्हणून, शीआनवाली.

डोंगरवाली हे तर नावाचंच भाषांतर आहे. शान म्हणजे डोंगर, शी म्हणजे पश्चिम. ताइहांग रांगेच्या पश्चिमेचा हा प्रदेश, राजधानी ताइयुआन. शीआनवाली तिच्याही पश्चिमेला. दोघींच्या मधून ह्वांग हो, म्हणजे पीत नदी, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. नकाशावर ही नदी सापडली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो : पूर्वेला ताइयुआन, पश्चिमेला शीआन.

२०२० च्या जनगणनेत डोंगरवालीत सुमारे ३ कोटी ४९ लाख लोक होते, शीआनवालीत ३ कोटी ९५ लाख. मला त्याहून बोलका वाटतो तो दहा वर्षांतला फरक. २०१० नंतर पहिलीची लोकसंख्या घटली, दुसरीची वाढली. एकट्या शीआन शहरात जवळपास १ कोटी ३० लाख लोक आहेत; ताइयुआनमध्ये ५३ लाखांच्या आसपास.

कोळसा दोन्हीकडे आहे, त्यामुळे बातम्या वाचताना पुन्हा गफलत होते. पण डोंगरवालीचं सगळं घर कोळशावर चालतं. अलीकडे ती वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा काढते. एकेकाळी हाच प्रांत सावकारीसाठी प्रसिद्ध होता : हुंडीवर पैसे पाठवणारी चीनमधली पहिली पेढी १८२३ च्या सुमारास इथल्या फिंगयाव गावात उभी राहिली. खाणींच्या धुरळ्यात ही ओळख झाकली गेली, याचं वाईट वाटतं.

शीआनवालीचा कोळसा उत्तरेकडच्या युलिन भागात आहे. मधे वेई नदीचं गव्हाचं मैदान, आणि छिनलिंग पर्वत ओलांडला की भातशेती सुरू होते. एकाच प्रांतात उत्तर चीन आणि दक्षिण चीन दोन्ही पाहायला मिळतात. शीआनमध्ये विद्यापीठं आहेत, सॅमसंगचा मेमरी चिपचा मोठा कारखाना आहे, आणि १९७४ साली विहीर खणताना सापडलेलं मातीच्या सैनिकांचं दल शहराजवळच आहे. एका खनिजावर सगळा भार नसल्यानं या प्रांताची अर्थव्यवस्था आज शेजारणीपेक्षा मोठी आहे.

शीआनशी आपलं जुनं नातंही आहे. तेव्हा त्याला छांगआन म्हणत. ह्युएनत्संग तिथूनच निघाला, महाराष्ट्रात येऊन दुसऱ्या पुलकेशीचं आणि इथल्या मानी लोकांचं वर्णन करून गेला, आणि ६४५ मध्ये तिथेच परतला.

आता कोटणीस. ते आधी पोहोचले ते यानआन शहर शीआनवाल्या शान्शीत आहे. नंतर ते नदी ओलांडून पूर्वेला, डोंगरवालीतल्या उताय पर्वताच्या बाजूला आघाडीवर गेले. त्या युद्धक्षेत्राचं नाव होतं जिन-छा-जी. त्यातलं 'जिन' हे डोंगरवाल्या शान्शीचं एकाक्षरी नाव; आजही तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तेच अक्षर असतं. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस वारले ते मात्र या दोन्हींत नव्हे, तर डोंगरांपलीकडच्या हपै प्रांतात.