न्योर्डलिंगन: उल्केच्या खड्ड्यात वसलेलं गाव

म्युनिकला उतरलेली आपली मंडळी बहुतेक तो परीकथेतला न्यूश्वानस्टाईन किल्ला बघतात आणि परत फिरतात. त्याच बव्हेरियात, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेकडच्या राज्यात, न्योर्डलिंगन म्हणून एक छोटं गाव आहे, ट्रेनने साधारण दोन तास, डोनाउव्योर्थला गाडी बदलायची. लाल कौलं, गोल तटबंदी, मधोमध चर्च. तटबंदी अख्खी शाबूत आहे, २.७ किमी, वरून छप्पर असलेल्या वाटेने पूर्ण फेरी मारता येते.

पण आधी चर्चचा मनोरा चढा. त्याचं नाव डॅनियल, उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०, दम लागतो, लागू दे. वरून काय दिसतं तर खाली गोल गाव, भोवती सपाट शेतं आणि लांबवर चहूबाजूंनी बुटक्या टेकड्यांची कड. ती कड म्हणजे विवराचा काठ! जवळपास १.५ कोटी वर्षांपूर्वी किलोमीटरभर रुंदीचा एक लघुग्रह इथे आदळला आणि साधारण २४ किमी रुंद खड्डा पडला, त्याचं नाव रीस, आणि हे गाव त्या खड्ड्यातच वसलंय.

गावकऱ्यांना हे कुठे माहीत होतं? भूशास्त्रज्ञसुद्धा कित्येक वर्षं याला ज्वालामुखीच समजत होते, कारण इथे मिळणारा राखाडी दगड, त्यात काचेचे तुकडे, ज्वालामुखीच्या राखेपासून झाल्यासारखाच दिसतो. त्याला स्यूवाइट म्हणतात. मग १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या अमेरिकन शास्त्रज्ञांना जवळच्या ओटिंगच्या खाणीतल्या स्यूवाइटमध्ये कोएसाइट सापडलं. कोएसाइट म्हणजे आपलं साधं क्वार्ट्झच (गारगोटीतलं खनिज), पण प्रचंड दाबाखाली घट्ट झालेलं. असं व्हायला हवेच्या दाबाच्या वीसेक हजार पटीहून जास्त दाब लागतो आणि जमिनीच्या वरच्या थरात ज्वालामुखी तेवढा दाब देऊच शकत नाही, देतो तो फक्त आकाशातून येणारा दणका. विषय संपला.

आणि मजा म्हणजे डॅनियल मनोरा याच स्यूवाइटचा बांधलाय. म्हणजे पुरावा गावाच्या मधोमध शेकडो वर्षं उभा होता आणि लोक त्याच्या पायऱ्या चढत होते.

याच दगडात हिरेही आहेत. खालच्या खडकात ग्रॅफाइट होतं, दणक्यासरशी त्याचे हिरे झाले. त्या दणक्यात एकूण ७२ हजार टन हिरे तयार झाल्याचा अंदाज सांगतात. छिन्नी घेऊन धावू नका, एकेक कण मिलिमीटरच्याही आतला, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही, अंगठी विसरा.

हे वाचताना लोणार आठवलं असेल तर बरोबरच आठवलं. बुलढाण्यातलं आपलं विवर १.८ किमीचं, म्हणजे रीसपुढे बाळच, पण त्यालाही आधी ज्वालामुखीच ठरवलं होतं. तिथे मात्र क्वार्ट्झवाली युक्ती फारशी चालत नाही कारण आपल्या काळ्या बेसॉल्ट दगडात क्वार्ट्झ जवळपास नसतंच, त्यामुळे पुरावा मिळाला तो मॅस्केलिनाइटचा, म्हणजे धक्क्याने फेल्डस्पार नावाच्या खनिजाची झालेली काच, साल १९७३. आणि रीसमध्येही आदळल्यानंतर लोणारसारखंच खारट तळं साचलं होतं, ते पुढे गाळाने भरलं आणि म्हणून आज तिथे शेतं आहेत.

१९७० च्या ऑगस्टमध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल इथे दगड ओळखायला शिकायला आले होते, चंद्रावर असेच फुटलेले-वितळलेले दगड उचलायचे होते ना. गावातल्या रीस म्युझियममध्ये चंद्रावरचा एक दगड ठेवलाय, तो अपोलो १६ ने आणलेला.

जमलं तर एक रात्र मुक्काम कराच. दहा वाजल्यापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने डॅनियलवरचा राखणदार "झो, ग्झेल, झो" अशी आरोळी ठोकतो. गावात सांगतात, १४४० मध्ये वेशीचा दरवाजा कोणीतरी शत्रूसाठी मुद्दाम उघडा ठेवला होता आणि एक डुक्कर त्याला अंग घासत होतं म्हणून ते एका बाईच्या लक्षात आलं, तिच्या तोंडून हेच शब्द निघाले आणि गाव वाचलं. खरं-खोटं त्या डुकराला माहीत, आरोळी मात्र अजून चालू आहे.